हार्ट फेल्युअरच्या पेशंटला स्मार्टवॉच किंवा छातीवरचा पॅच लावला, तर तब्येत बिघडणार हे आधी कळतं का?

कळतं. पण कुणाला कळतं, ते महत्त्वाचं. आईंचा ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा) ३० आहे, वर्षात दोनदा ॲडमिट झाल्या, आता कोणतं यंत्र घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अण्णांचा ईएफ २५ आणि यंत्र फुकट आलेलं, म्हणून लिहायला बसलो.

दादा न्यू जर्सीला असतो. त्याने पाठवलेलं घड्याळ अण्णा कौतुकाने बांधायचे आणि आकडे दादाच्या फोनवर जायचे. मागच्या गौरी-गणपतीत त्याचा ग्रुपवर मेसेज आला, "अण्णांचे झोपेतले ठोके ६४ वरून ७९ झालेत. चालणं निम्म्यावर आलंय. काय चाललंय तिकडे?" मी मखराच्या लाइटची वायर जोडत होतो. लिहिलं, "घरात पंचवीस माणसं आहेत, झोप होत नाही कुणाचीच. तू तिथे बसून टेन्शन घेऊ नकोस." खाली नमस्काराचे हात.

घड्याळ स्वतः गप्पच होतं. त्याच्या हिशेबाने साठ ते शंभर म्हणजे नॉर्मल, मग ७९ ला ते कशाला वाजेल? पण अण्णा मेटोप्रोलोलवर. ठोके आवरायला गोळी चालू असलेल्या माणसाचे झोपेत पंधरा ठोके वाढतात, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

चौथ्या रात्री बायकोने उठवलं. अण्णा कॉटवर नव्हते. पुढच्या खोलीत आरामखुर्चीत, पाठीला दोन लोड लावून बसल्या बसल्या झोपले होते. आडवं झालं की दम लागत होता, पण पाहुण्यांसमोर कशाला बोलायचं म्हणून तीन रात्री तसेच काढल्या. घोट्याच्या वर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. वजनकाटा कुठे होता? मखराच्या खोक्यांखाली. आणि ताटात रोज मिठाचं: पापड, लोणचं, अळूवडी. रात्रीच ॲडमिट केलं. पाच दिवस लॅसिक्सची, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी, इंजेक्शनं चालली, वजन साडेपाच किलोने उतरलं. सगळं पाणी, हृदयाचा पंप कमजोर पडला की अंगात साठतं ते.

दादा अजून ऐकवतो, "घड्याळाने सांगितलं होतं." नाही सांगितलं! तू आलेख बघितलास आणि मी तुला उडवून लावलं. यात घड्याळाचा काय संबंध?

आता तुमच्या पॅचबद्दल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत लिंक-एचएफ नावाचा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. शंभर पेशंटच्या छातीवर पॅच, म्हणजे मोजणारी चिकटपट्टी, लावला. ठोके, श्वास, हालचाल यांवरून कॉम्प्युटरने (याला मशीन लर्निंग म्हणतात) आधी त्या त्या माणसाची स्वतःची रीत शिकून घेतली आणि मग फरक पडला की इशारा. साठ ते शंभरची सरसकट पट्टी नाही, हे मला पटतं. ॲडमिट व्हायच्या साधारण साडेसहा दिवस आधी इशारा मिळत होता. पण शंभरातले ९८ पुरुष होते, आणि तुम्ही विचारताय आईसाठी. शिवाय ॲडमिट होणं टळतं का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. खोटे इशारेही येतातच. दहाव्या खोट्या इशाऱ्याला तुम्हीही माझ्यासारखंच उत्तर द्याल.

इशाऱ्यानंतर काय, तिथे सगळं अडतं. २०१० साली छापून आलेल्या, अमेरिकेतल्याच टेली-एचएफ नावाच्या अभ्यासात १६५३ पेशंट होते. त्यांनी रोज फोनवरच्या यंत्राला लक्षणं आणि वजन सांगायचं. काही फरक पडला नाही, आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे निम्म्याहून थोडेच जास्त उरले होते. जर्मनीत २०१८ च्या टिम-एचएफ २ या अभ्यासात १५७१ पेशंट. तिथेही वजन, बीपी, ईसीजी असलं साधंच मोजत होते, पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले. तिथे मृत्यू कमी झाले. आमच्याकडे पलीकडे कोण होतं? दादा. आणि अलीकडे मी.

म्हणून यंत्राआधी हे ठरवा, की आकडा बिघडला तर त्याच दिवशी कुणाला फोन लावायचा, आणि तो उचलणार आहे का. वजनकाटा बाहेर काढा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सण बघू नका, फोन लावा. आणि परदेशातल्या भावाला आकडे पाठवणार असाल, तर त्याला डॉक्टरांचा नंबरही द्या, नाहीतर तो बिचारा ग्रुपवर ओरडत बसतो. (हो, बिचारा म्हणालो. बाकी बिलं त्यानेच भरली, तेही सांगतो. पण रात्री रिक्षा शोधायला मीच पळत होतो.)

घड्याळ अगदीच टाकाऊ नाही. ईसीजी काढणारं असेल तर ठोक्यांची लय बिघडलेली सापडू शकते, हार्ट फेल्युअरमध्ये तेही होतं. मी डॉक्टर नाही, इलेक्ट्रिकचं दुकान आहे माझं. पाण्याच्या गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि फार दम लागला तर काटाबिटा काही नाही, सरळ दवाखाना.

आता रोज सकाळी अण्णा काट्यावर चढतात, बायको आकडा वहीत लिहिते, मी पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो. दादाचा अंगठा येतो. परवा टाकायचा राहिला, तर रात्री तीनला फोन. त्याच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, त्याचं काय जातंय.