बक्षीस ५४ लाख डॉलरचं, हाती किती?

प्रश्न : २०२४ साली संतोष सुवर्णा यांनी लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली अडीच लाख डॉलर बाय-इनची (प्रवेश शुल्काची) स्पर्धा जिंकली. बक्षीस ५४ लाख डॉलरच्या वर होतं. एवढी रक्कम खेळाडूचीच होते का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोणा एकाच्या घरचा हिशेब बाजूला ठेवू आणि असे आकडे बनतात कसे ते पाहू. कमाईच्या याद्यांमध्ये फक्त मिळालेलं बक्षीस मोजतात. भरलेल्या बाय-इन, बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून केलेल्या री-एंट्री, विकलेला हिस्सा, कर, यातलं काहीही वजा होत नाही. वर्षात २० लाख डॉलर भरून १८ लाख परत मिळवणारा यादीत '१८ लाख कमावलेला' दिसतो, प्रत्यक्षात तो दोन लाखांनी खड्ड्यात असतो.

क्रमांकावरूनही पैसे कळत नाहीत. २०१९ मध्ये लंडनला साडेदहा लाख पौंड बाय-इनच्या ट्रायटन मिलियन स्पर्धेत शेवटच्या दोघांनी उरलेल्या बक्षिसाची आपसात वाटणी ठरवली. ट्रॉफी आरन झँगने नेली, पण जास्त पैसे दुसऱ्या आलेल्या ब्रिन केनीला मिळाले, सुमारे १ कोटी ६९ लाख पौंड.

प्रश्न : हिस्सा विकतात म्हणजे नेमकं काय करतात? (वाचक, ठाणे)

उत्तर : बाय-इनचा काही भाग दुसऱ्याने भरायचा आणि बक्षिसातला तेवढा वाटा त्याने घ्यायचा. दोन पद्धती आहेत. पहिली एका स्पर्धेपुरती. बाय-इन २५,००० डॉलर आहे आणि खेळाडू ६० टक्के हिस्सा १.१ मार्कअपने, म्हणजे मूळ किमतीच्या १.१ पटीने विकतो, असं धरा. ६० टक्क्यांचे मूळ १५,००० होतात. तो १६,५०० घेतो. त्याच्या खिशातून ८,५०० जातात आणि ४० टक्के हिस्सा त्याचा राहतो. वरचे १,५०० हा त्याच्या कौशल्याचा मोबदला. मात्र त्या स्पर्धेत त्याचा सरासरी नफा १० टक्केच असेल, तर घेणाऱ्याला दीर्घकाळात काहीच सुटत नाही. म्हणून हौशी खेळाडूंनी भरलेल्या मोठ्या स्पर्धेत जो मार्कअप रास्त वाटतो, तोच निवडक व्यावसायिकांच्या हाय रोलरमध्ये, म्हणजे खूप मोठ्या बाय-इनच्या स्पर्धेत, लूट ठरतो.

दुसरी पद्धत कायमच्या पाठीराख्याची. तो सगळी बाय-इन भरतो, तोटा 'मेकअप' म्हणून खात्यावर चढत जातो आणि मेकअप फिटल्यावरच उरलेला नफा बहुधा निम्मा-निम्मा वाटतात. समजा त्याने दहा हजारांच्या २० स्पर्धा भरल्या. दोन लाख गेले, १,२०,००० परत आले, मेकअप ८०,०००. पुढच्या दहा स्पर्धांचे आणखी एक लाख धरून तो १,८०,००० झाला आणि मग तीन लाखांचं बक्षीस लागलं. मेकअप फेडून उरले १,२०,०००. खेळाडूला ६०,००० मिळतात. यादीत मात्र त्याच्या नावावर ४,२०,००० लागतात!

भांडणं होतात ती तोंडी व्यवहारात. री-एंट्रीत हिस्सेदाराचा भाग आहे का, वाटणी कर कापण्याआधी की नंतर, खेळाडू मधेच थांबला तर मेकअपचं काय, या तीन गोष्टी लेखी नसतील तर बसूच नये. बक्षीस पूर्ण खेळाडूच्या नावाने निघतं आणि करकपातही त्याच्याच नावावर लागते, हे दुसऱ्या मुद्द्याचं कारण.

प्रश्न : खरोखर चांगला खेळाडू वर्षभर तोट्यात जाऊ शकतो का? (वाचक, नागपूर)

उत्तर : सर्रास. ६० प्रवेशांच्या स्पर्धेत बक्षीस आठ-नऊ जणांना, त्यातही मोठा वाटा पहिल्या तिघांना. १० टक्के सरासरी नफ्याचा खेळाडू अशा १०० स्पर्धा खेळला तर अपेक्षित नफा १० बाय-इनचा, पण चढउतार दोन्ही बाजूंना २५ ते ३० बाय-इनचा असतो. म्हणजे साधारण तीनातलं एक वर्ष तोट्याचं. स्वतःच्याच पैशांवर खेळायचं तर १०० बाय-इनची गंगाजळीही अपुरी पडू शकते. घरखर्च त्यातून काढायचा नाही. तो वेगळ्या खात्यात, किमान वर्षभराचा.

प्रश्न : चेहरा कोरा ठेवणं किती महत्त्वाचं? (वाचक, सांगली)

उत्तर : चित्रपटात दाखवतात त्याच्या दशांशही नाही. हाय रोलरमध्ये निर्णयाला बहुधा ३० सेकंद मिळतात. सोप्या आणि अवघड निर्णयाला सारखाच वेळ घेतला की निम्मं काम होतं.

प्रश्न : मग अभ्यास कशाचा करतात? (वाचक, पुणे)

उत्तर : जास्तीत जास्त वेळ २० ते ४० बिग ब्लाइंड (डाव सुरू होण्याआधी लावावी लागणारी मोठी सक्तीची बोली) एवढ्या चिप्स असतानाच्या डावांचा, सॉल्व्हर प्रणालीवर, म्हणजे सर्वोत्तम खेळी काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर. खेळून आल्यावर शंकास्पद डाव टिपायचा, सॉल्व्हरचं उत्तर पाहायच्या आधी स्वतःचं उत्तर लिहायचं, मग फरक तपासायचा.

नवखे अडतात ते आयसीएमपाशी, म्हणजे चिप्सची पैशातली किंमत काढण्यापाशी. तिघे उरलेत, बक्षिसं ५०, ३० आणि २०, चिप्सची वाटणीही ५०, ३०, २० टक्के. निम्म्या चिप्सवाल्याचा वाटा ५० येत नाही, सुमारे ३८.४ येतो, सर्वांत कमी चिप्सवाल्याचा २८.९. गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असते. म्हणून बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर, एरवी बिनदिक्कत खेळावा असा हातही फोल्ड करावा, म्हणजे टाकून द्यावा लागतो. चिप्सचा सर्वांत मोठा ढीग असलेला नेमका तेव्हाच सगळ्यांना दाबतो. हे गणित डोक्यात नसलेला खेळाडू दिवसभर चांगलं खेळून शेवटच्या तासात सगळं घालवतो.

प्रश्न : महाराष्ट्रात राहून हे करता येईल? (वाचक, नाशिक)

उत्तर : अवघड आहे. पूर्वी बहुतेक जण ऑनलाइन छोट्या स्पर्धांतून वर यायचे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असले तरी बंद केले. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यातले परवानाधारक कॅसिनो.

खरी अडचण कराची आहे. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर. हरलेल्या स्पर्धांची वजावट नाही. एक लाखाच्या दहा स्पर्धा खेळून एकीत दहा लाख मिळाले तर नफा शून्य, तरी कर तीन लाखांवर जाऊ शकतो. अमेरिकेत मोठ्या बक्षिसातून ३० टक्के तिथेच कापून घेतात. त्याचा १०४२-एस फॉर्म जपून ठेवा. इथे विवरणपत्र भरताना परदेशात भरलेल्या कराची सूट मागायला तो लागतो. बाय-इनचे पैसे बाहेर पाठवण्यालाही परकीय चलनाचे निर्बंध आहेत, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी सीएला गाठा.