प्रकल्प घे, पण डीएमए यंत्रावर स्वतः बस

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘पॉलिअमाइड-पॉलिइथर कोपॉलिमरमधील रेण्वीय हालचाल आणि औष्णिक-यांत्रिक गुणधर्म’ हा प्रकल्प मिळतो आहे. विषय फारच अरुंद वाटतो. पीएच.डी.शिवाय यात काही आहे का?

उत्तर : अरुंद नाही, शीर्षक तेवढं लांबलचक आहे. कॅथेटरच्या नळ्या, धावण्याच्या बुटांचे हलके सोल, वाफ जाऊ देणाऱ्या पण पाणी अडवणाऱ्या फिल्म्स, सगळीकडे हेच पदार्थ वापरतात. कोपॉलिमर म्हणजे एकाच लांब रेणुसाखळीत दोन प्रकारचे खंड जोडलेला पदार्थ. साखळीतले नायलॉन-१२चे (हेच पॉलिअमाइड) कडक खंड हायड्रोजन बंधांमुळे स्फटिकं बांधून ताकद देतात. पॉलिइथरचे मऊ खंड उणे ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत हलते राहतात, म्हणून कडाक्याच्या थंडीतही लवचिकपणा टिकतो. दोन्हींचं प्रमाण बदललं की कडकपणा बदलतो.

डीएससी (तापवताना-थंड करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी) सोपी आहे : ५ ते १० मिलिग्रॅम नमुना, मिनिटाला १० अंश, तापव-थंड कर-पुन्हा तापव. पहिल्या फेरीत नमुन्याचा प्रक्रियेचा इतिहास दिसतो, तो पुसला गेल्यावरचा पदार्थ दुसरीत. खरी कसोटी डीएमएची, म्हणजे नमुन्याला हलके झोके देत तापमानानुसार त्याचा कडकपणा मोजणाऱ्या चाचणीची. १ हर्ट्झ (सेकंदाला एक झोका), मिनिटाला २-३ अंश, सुरुवात उणे १२० पासून. इथे बहुतेक जण ओलाव्यामुळे फसतात. अमाइड गटांना चिकटलेल्या पाण्यामुळे नायलॉनचं बीटा शिथिलन (साखळीच्या छोट्या तुकड्यांची हालचाल सुरू होणं) उणे ६० च्या आसपास दिसतं आणि मऊ खंडाच्या काचसंक्रमणात (काचेसारखा कडक खंड हलता होण्याच्या टप्प्यात) मिसळतं. मग आलेखातल्या एका शिखराला दुसऱ्याचं नाव दिलं जातं! म्हणून एक नमुना निर्वातात नीट वाळवून आणि एक ओलसर ठेवून, दोन्ही तपास. शिवाय तीन-चार वारंवारिता घे : आऱ्हेनियस आलेखात (वारंवारितेचा लॉग विरुद्ध १/तापमान) बीटा साधारण सरळ रेषेत सरकतं, काचसंक्रमणाची रेषा वाकते. वेगवेगळ्या तापमानांचे आलेख जोडून एकच मास्टर कर्व्ह काढायचा मोह मात्र टाळ. दोन प्रावस्थांच्या (कडक आणि मऊ भागांच्या) अर्धस्फटिकी पदार्थात ते सहसा जुळत नाहीत.

नोकऱ्या रेझिन कंपन्यांच्या ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटमध्ये, वैद्यकीय उपकरणांत, फेल्युअर ॲनालिसिसच्या (वस्तू का निकामी झाली ते शोधणाऱ्या) लॅबमध्ये आहेत. मशीन चालवणारे पुष्कळ मिळतात, आलेखावरून कारण सांगणारे कमी. पीएच.डी.चा विचार डायइलेक्ट्रिक स्पेक्ट्रोस्कोपी किंवा घन-अवस्था एनएमआर (रेणूंची हालचाल विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात मोजायच्या पद्धती) आवडलं तरच कर.

होकार देण्याआधी गाइडना दोन गोष्टी विचार : मऊ खंडाचं प्रमाण वेगळं असलेल्या किमान तीन ग्रेड मिळतील का, आणि डीएमएवर स्वतः बसायला मिळेल का? दुसऱ्याचं उत्तर ‘ऑपरेटर करून देईल’ असं आलं, तर दुसरा प्रकल्प बघ.