नुसता मोठा मेंदू पुरला नाही

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू पोळपाटाचं स्टिअरिंग आणि लाटण्याचा गिअर करून घरभर बस चालवतो. ही कल्पकता माणसाच्या मेंदूत आली कशी? मेंदू मोठा झाला म्हणून का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, मेंदू वाढला हे खरंच. चिंपांझीचा सुमारे ४०० घनसेंटिमीटर, आपला सुमारे १,३५०. पण आपल्या आधीच्या माणसांचे मेंदूही चांगले मोठे होते, तरी दगडाची हातकुऱ्हाड १० लाखांहून जास्त वर्षं जवळपास तशीच घडवली जात राहिली. निअँडरथलांचा, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंदांचा, मेंदू तर आपल्याएवढाच होता.

मी इथे इंदुरात शरीररचनाशास्त्र शिकवायचे, त्यामुळे माझं लक्ष आधी कवटीकडे जातं. मेंदू कुजतो, पण त्याचा आकार कवटीच्या आतल्या बाजूला राहतो. २०१८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जुन्या कवट्यांची ही पोकळी संगणकावर मोजली. ३ लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांचा मेंदू आजच्याएवढा होता, पण लांबट. आजची गोलाई सुमारे १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात, हळूहळू आली. पार्श्वखंड (मेंदूचा वरचा-मागचा भाग) आणि लहान मेंदू (त्याच्या मागे, खाली असणारा भाग) फुगले. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहणं, हत्यार हाताळणं यांत पार्श्वखंडाचा मोठा वाटा असतो. त्याच काळातला, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोंबोस गुहेतला सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा गेरूचा तुकडा पाहा, त्यावर फुल्याफुल्यांची नक्षी कोरलेली आहे! एखाद्या जनुकातल्या बदलानं माणूस अचानक कल्पक झाला, असं काही अभ्यासक म्हणतात; पण हा बदल हळूहळू झालेला दिसतो, म्हणूनच मला ते पटत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे आपलं लांबलचक बालपण. जन्मावेळी आपला मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नसतो. त्याची बरीचशी जोडणी बाहेर आल्यावर, माणसांत, खेळताना होते. शिवाय एकाला सुचलेलं दुसऱ्यानं उचललं नाही, तर ते त्याच्याबरोबरच जातं. आपल्या इंदुरातच बघा, चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेन शिकले.

सुट्टीत नातवाला भोपाळजवळ भीमबेटकाला जरूर न्या. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ साली जगापुढे आणलेली तिथल्या गुहांतली आदिमानवाची चित्रं तो बघेलच. पण सभागृहासारख्या मोठ्या गुहेत दगडावर माणसानं ठोकून केलेले गोल खळगे आहेत, तेही दाखवा. ते कशाचे असतील, हे आधी त्यालाच सांगू द्या.