हमटा पासवर जूनमधला बर्फ: किती आहे यापेक्षा रात्री गोठला का ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्यातले आठ जण, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हमटा पास (हिमाचलात कुलूतून लाहौलात उतरणारी खिंड), सगळ्यांना रोज अजिंक्यतारा चढायची सवय. खिंडीत बर्फ किती फूट असेल, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) लागतील का आणि एवढा सराव पुरेल का?

त्या आठवड्यात बर्फ असतोच. खिंडीआधीचा मुक्काम बालू का घेरा, त्याच्या पुढे तो वाढत जातो आणि खिंडीच्या दोन्ही अंगांना बहुतेक वाट त्यावरूनच असते. पण किती फूट या आकड्यावरून ठरवण्यासारखं फार थोडं आहे. सहा फूट घट्ट बर्फावरून डांबरी रस्त्यासारखं चालता येतं आणि दोन फूट भिजलेल्या बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो. ठरवायचं ते आदल्या रात्री आभाळ कसं होतं आणि तुम्ही उतारावर किती वाजता पोहोचणार यावरून.

ही गोष्ट सातारकराला समजायला अवघड नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी डिसेंबर-जानेवारीत जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण जमतात. त्या रात्री हवेचं तापमान शून्याच्या वरही असू शकतं, तरी पान गोठतं. निरभ्र आभाळाखाली पृष्ठभाग आपली उष्णता वर सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. ढग आले की ती उष्णता अडते, हिमकण पडत नाहीत. हमटाच्या बर्फाचंही तेच. दिवसा उन्हात वरचा थर वितळतो, पाणी कणाकणांत मुरतं, रात्र निरभ्र असेल तर सगळं पुन्हा आवळून येतं. असं रोज वितळून-गोठून जूनचा बर्फ जाड मिठासारखा दाणेदार होतो. सकाळी हे दाणे एकमेकांना चिकटलेले असतात, ऊन वर आलं की सुटतात. रात्रभर ढग राहिले किंवा पाऊस पडला, तर सकाळी सहालाही तुम्हाला दुपारचाच बर्फ मिळतो. म्हणून गाईडला फोन करून ‘बर्फ किती’ विचारू नका. ‘गेल्या तीन रात्री आभाळ मोकळं होतं का, आणि सकाळी बूट किती रुततोय’ असं विचारा.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: मेंढ्या पलीकडे गेल्या का? माण-फलटणचे मेंढपाळ जसे पावसाच्या अंदाजाने कळप हलवतात, तसे तिथले गद्दी लोक उन्हाळ्यात हमटावरून लाहौलच्या कुरणांकडे जातात. शेकडो खुरांनी तुडवलेली वाट घट्ट होते, लांबूनही दिसते. कळप अजून अलीकडेच थांबले असतील, तर त्यामागे कारण असतं. ते कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं ठरवू नका.

खिंड सुमारे ४,२७० मीटरवर, म्हणजे १४,००० फुटांवर आहे. वाट जोब्रा, चिका, बालू का घेरा, खिंड, शिया गोरू, छतरू अशी. खिंडीच्या दिवशी बालू का घेरावरून पहाटे पाचच्या आत पाऊल निघायला हवं, म्हणजे उठायचं साडेतीनला. नाश्ता, तंबू आवरणं, आठ जणांचे बूट आणि गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) यात दीड तास सहज जातो. दहाच्या सुमारास माथा आणि अकराच्या आत लाहौलकडचा तीव्र उतार संपलेला, असा हिशोब ठेवा. मात्र उलटी चूकही होते. गोठलेला उतार पहाटे काचेसारखा कडक असतो, त्यावर पाय सुटला तर माणूस थांबत नाही. त्यामुळे चढ कडक बर्फावर आणि उतार नुकता सैल होऊ लागलेल्या बर्फावर, ही वेळ साधायची.

ती साधली का हे बूट सांगतो. तळवा दोन-तीन सेंटिमीटर रुतून पक्का बसतोय, तर चाल उत्तम. घोटा बुडायला लागला की त्या उतारावरचा वेळ संपत आला. गुडघा बुडतोय आणि वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येताहेत, तर ३० अंशांहून तीव्र उताराखाली एक मिनिटही थांबू नका. हिमप्रपात बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. कोन मोजायला मोबाईलमधलं लेव्हल पुरतं: काठी उताराच्या दिशेने वर-खाली टेकवायची, तिच्यावर मोबाईल ठेवायचा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, खालून पाहताना उतार सौम्य भासतो. रात्री ताजा बर्फ पडला असेल, अगदी वीतभरही, तर निदान एक दिवस थांबा. जुन्या घट्ट थरावर नवा थर अजून बसलेला नसतो. पाऊस पडून गेला असेल तर त्याहून वाईट, कारण पाणी आत शिरून थरांची पकडच सोडवतं.

आपल्याकडे घसाऱ्यावर उतरताना टाच रोवून उतरतात, तोच पवित्रा बर्फावर कामी येतो. गुडघा किंचित वाकलेला, वजन टाचेवर, अंग मागे टाकायचं नाही. मागे झुकलात की पाय पुढे निसटलाच. चढताना बुटाचं टोक दोनदा मारून पायरी करायची, आणि मागच्यांनी त्याच पायऱ्या वापरायच्या. पुढे राहणारा दर दहा मिनिटांनी बदला, त्याचेच सर्वांत जास्त हाल होतात.

आता क्रॅम्पॉन. या वाटेला सहसा मायक्रोस्पाइक पुरतात. बुटावर रबराने चढवायचे, खाली साखळी आणि दात. बुटाच्या मापाचे घ्या आणि घरीच दहा वेळा घालून-काढून पाहा, कारण तिथे बोटं बधिर असतात. उतार तीव्र आणि बर्फ कडक असेल, तर खरे क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुदळ) लागते, पण ती शिकून वापरायची गोष्ट आहे. उत्तरकाशी आणि मनाली इथल्या पर्वतारोहण संस्थांच्या बेसिक कोर्समध्ये ती शिकवतात. न शिकता हातात घेतलेली ॲक्स पडताना स्वतःलाच लागते. दुपारी ओला बर्फ स्पाइकखाली गोळा होऊन चिकटतो आणि दात निरुपयोगी होतात. दर काही पावलांनी बुटाच्या कडेला काठी आपटून तो झाडायचा.

शिया गोरूकडे उतरताना सगळ्यांना घसरगुंडी करायची असते. पायात स्पाइक असताना ती कदापि करू नका. एक दात अडकला की घोटा मोडतो. स्पाइक काढून, गाईडने दाखवलेल्या जागी, खालचा थांबा पूर्ण दिसत असेल आणि मध्ये खडक नसेल तरच. चालताना पाय सुटलाच आणि हातात ॲक्स नसेल, तर लगेच पोटावर वळा, दोन्ही हातांनी छाती उचला आणि बुटांची टोकं रोवा. स्पाइक असतील तर मात्र गुडघे मोडून पाय वर धरा.

बर्फाखालून वाहणारा ओढा ही या वाटेवरची फसवी जागा. वरून साकवासारखा बर्फ दिसतो, खाली पोकळ असतो. मध्येच खोलगट झालेला, करडा-निळसर पडलेला, चिरा गेलेला किंवा पाण्याचा आवाज स्पष्ट येत असलेला पूल टाळा. टाळता येत नसेल तर एकेकाने, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून पलीकडे जायचं. बर्फातून डोकावणाऱ्या खडकाला खेटूनही चालू नका. काळा दगड ऊन पितो आणि भोवतीचा बर्फ आतून वितळवतो, तिथे पाय कमरेपर्यंत जाऊ शकतो. शिया गोरूचं पाणी सकाळी लवकर ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळून प्रवाह फुगतो. अनवाणी उतरू नका, पट्ट्याचे सँडल घाला आणि हात धरून साखळी करा.

अजिंक्यताऱ्याबद्दल. पायथ्यापासून चढ जेमतेम ३०० मीटरचा, म्हणून सलग दोनदा चढा-उतरा, पाठीवर आठ किलो घेऊन. आठवड्यातून एकदा जरंडेश्वर करा आणि उतरण्याकडे जास्त लक्ष द्या, कारण मांड्या उतारावरच हार मानतात. दम आणि पाय यांतून तयार होतील, विरळ हवेची सवय होणार नाही. सातारा ७०० मीटरच्या आसपास, कास १,२०० च्या. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, आणि रोज पळणाऱ्यालाही विरळ हवा बाधते. उलट असा माणूस वेगात चढून आधी आजारी पडू शकतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा नियम आहे. चिका ते बालू का घेरा या एका टप्प्यातच तो ओलांडला जातो. म्हणून मनालीत दोन रात्री काढा आणि बालू का घेरावर एक दिवस जादा ठेवा. याच दिवसाने आभाळ बिघडलं तर थांबताही येतं, तो वाचवू नका. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जायचं नाही. पावलं झोकांड्या खाऊ लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायचं औषध) घ्यायचं की नाही हे साताऱ्यातच डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा.

सामानात कंजुषी करायची नाही अशा तीन गोष्टी: कडेने बंद असलेला गडद गॉगल (कॅटेगरी ३ किंवा ४), हातमोज्यांचे दोन जोड, गुडघ्यापर्यंतचे गेटर. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा. गॉगल विसरलेल्याचे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात आणि दुसऱ्या दिवशी तो चालू शकत नाही. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, भिजले की वाळत नाहीत.

पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलात पोहोचतो. तेव्हा कुलूची बाजू ओलं महाबळेश्वर आणि लाहौलची बाजू कोरडी दहिवडी, असं समजा. तुमच्या तारखा त्याआधीच्या आहेत, पण परतीचं तिकीट दोन दिवस सैल ठेवा.

शेवटची चौकशी छतरूच्या, म्हणजे वाट जिथे संपते तिथल्या रस्त्याची. ग्राम्फू-छतरू रस्ता बर्फ काढल्यावरच उघडतो आणि तो उघडला नसेल तर पलीकडे गाडी येत नाही. उघडला असेल तर परत येताना रोहतांग चढायची गरज नाही, ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली गाठता येते. बंद असेल तर खिंडीला हात लावून त्याच वाटेने जोब्राला उतरा, आणि तेही सकाळी दहाच्या सुमारासच माघारी वळून.