बाबांचं कोण बघणार?

अरे, तुझा मेसेज वाचला. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक, आईचे गुडघे गेलेले, दादा ठाण्याला, ताई नाशिकला, तू पुण्यात, आणि विचारतोस जबाबदारी नक्की कोणाची. खाली लगेच लिहितोस की वहिनी घरीच असते, तिने बघायला काय हरकत आहे!

हरकत आहे. आईवडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे ना, त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं धरलीयेत, सुनेचं नावच नाही, आणि आपल्याकडे सगळं गाडं तिच्याच जिवावर चालतं. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांची जबाबदारी असते हे सुप्रीम कोर्टाने 1987 सालीच सांगितलंय, त्यामुळे ताईला पाहुणी समजू नका, खर्चात धरा आणि निर्णयातही. उद्या वाजलंच तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, पण या कायद्याने महिन्याला जास्तीत जास्त 10,000 मिळतात, तेवढ्यात पुण्यात पेशंट सांभाळणारी 24 तासांची मावशी मिळते का बघ. आणि प्रांत काय कूस बदलायला येणारे का?

खरं काम तेच आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडापाशी आधी लाल होतं आणि मग बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम. भरवताना नीट बसतं करायचं, आडवं ठेवून पेज पाजली की ठसका लागतो आणि ती फुफ्फुसात जाते. डायपर बदलायचा. बापाचा डायपर बदलायला मुलाला कसंतरी होतं आणि सुनेने मात्र हसतमुखाने बदलावा, हे गणित मला आजवर कळलेलं नाही. बाबांना तिच्यासमोर किती अवघडल्यासारखं होत असेल ते विचारलंस का कधी? एकदा विचार. मेल नर्सकडून शिकून घे, दोन दिवसांत जमतं.

सरकारने करायला हवं म्हणतोस, बरोबरे, मलाही वाटतं की घरी येणारी नर्स सरकारने द्यायलाच पाहिजे. सत्तरीवरच्यांना आयुष्मान भारत योजनेचं 5 लाखांचं कव्हर आहे, बाबांचं कार्ड काढून ठेव, पण ते ॲडमिट झाल्यावरचं, घरी आणल्यावर मावशीचा पगार आपल्याच खिशातून जातो.

वृद्धाश्रमाचं म्हणशील तर ते काही पाप नाही, फक्त बाबांना न विचारता, फॉर्म भरून झाल्यावर सांगू नका.

आता शनिवारी तिघं कॉलवर या. पैसे सारखे वाटू नका, कमाईप्रमाणे वाटा, आणि जो अंगमेहनत करेल त्याचा वाटा कमी धरा. फ्लॅट दादाच्या नावावर करायचं चाललंय म्हणालास, तर बक्षीसपत्रात बाबांना आणि आईला सांभाळण्याची अट लिहून घ्या, अट असली की पुढे त्याने सांभाळलं नाही तर ते रद्द करून घेता येतं. दादाला राग येईल, येऊ दे.

आणि हो, नोव्हेंबरात पेन्शनसाठी बाबांचा हयातीचा दाखला द्यायचाय, आता फोनवर चेहरा दाखवूनही होतो. ते तू कर, वहिनीला सांगू नकोस.