विमानाच्या प्रोपेलरच्या पात्याला खाच पडली तर

पात्याला हात लावण्याआधी मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) बंद, चावी खिशात. तरीही प्रोपेलर जिवंतच समजा; मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर हाताने फिरवतानाही इंजिन सुरू होऊ शकतं.

सोलापूरसारख्या ठिकाणी माती कोरडी, खडी सुटी. विमान खडीवर उभं ठेवून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवला की खडे उडून पात्याच्या पुढच्या कडेला लागतात. ॲल्युमिनियमच्या पात्यावरची खाच दिसायला किरकोळ, पण तिच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथून तडा सुरू होतो आणि उडताना टोक तुटू शकतं. मग असंतुलनाने इंजिन माउंटच (इंजिन धरून ठेवणारा सांगाडा) उखडू शकतो.

बारीक खाच गोल कानशीने पात्याच्या लांबीच्या दिशेने पसरट करतात, मग पॉलिश पेपर आणि तड्यासाठी डाय पेनेट्रंट चाचणी (तड्यात शिरणारा रंगीत द्रव लावून). किती घासायचं ते निर्मात्याच्या मॅन्युअलमधल्या किमान मापावर ठरतं. हे काम परवानाधारक इंजिनिअरचं, नोंद लॉगबुकात. एम-सील भरून वर रंग मारणं म्हणजे तडा झाकणं.

पातं वाकलं तर हातोडीने सरळ करू नका, थेट प्रोपेलर वर्कशॉपला पाठवा. चालत्या इंजिनात पातं जमिनीला लागलं असेल तर क्रँकशाफ्टही (प्रोपेलर फिरवणारा इंजिनातला दांडा) तपासून घ्या, पातं बरं दिसलं तरी.