फ्लॅटमध्ये राहून, महिन्यातून दोनदा प्रवास करून बेस गिटार शिकता येईल का? कोणती घ्यावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कोणती घेऊ, शेजाऱ्यांना त्रास न देता सराव कसा करू, आणि पुणे-नागपूर ये-जा करताना बरोबर नेऊ का. खाली सहज म्हणून चौथी लिहिलीय, "मित्र म्हणतो बेस कुणाला ऐकू येतो, त्यापेक्षा साधी गिटार शीक." मी लिहायला बसलोय तो या चौथ्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी एप्रिल २००३ मध्ये, स्टेजच्या मागे, दोनशे रुपये कमी असलेलं पाकीट हातात धरून ऐकलंय.

आधी खरेदीचं उरकतो. चार तारा, ३४ इंची स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेली. यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर १८०, स्क्वायर, कोर्ट, यातली दुकानात हाताला बसेल ती. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बघा, त्यात कमीपणा काही नाही. ३४ इंचीवर पहिलं फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या पट्ट्यांमधलं पहिलं घर) साधारण ४.८ सेंमी रुंद असतं, ३० इंचीवर ४.३. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण चार बोटं चार फ्रेटवर पसरून अर्धा तास बसा, मग कळेल. सेकंडहँड घेत असाल तर तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दुसऱ्या हाताने दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. पोस्टाच्या पाकिटांचा गठ्ठा जात असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

पाच तारांची मोठ्या लोकांच्या हातात बघून घेऊ नका. मराठी कार्यक्रमांत गायक 'काळी दोन' (पेटीवरची दुसरी काळी पट्टी) सांगतात आणि चार तारांवर सगळ्यात खालचा सूर तिच्या लगेच वरची पांढरी तीनच मिळतो, म्हणून आम्ही नाइलाजाने पाचवी तार लावतो. काळी दोनचा खालचा सूर त्या पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर सापडतो. तुम्हाला पहिलं वर्षभर त्याची गरज नाही.

आता ते पाकीट.

मी तेव्हा चिंचवडला कारखान्यात शिफ्टला होतो आणि सुटीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. चैत्रात यात्रांचा मोसम सुरू झाला की मधल्या वारीही रजा टाकायचो. मालक स्वतः कीबोर्डवर. त्या दिवशी सुपारी होती कऱ्हाडच्या पुढे एका गावची. टेम्पो ट्रॅव्हलर तेरा सीटची, माणसं चौदा, वर नाचणाऱ्या मुलींच्या कपड्यांची लोखंडी पेटी. निघताना मालक म्हणाले, "बेस टपावर टाक रे." मी म्हटलं, "मालक, ऊन आहे, मांडीवर घेतो." तर म्हणाले, "चार फुटी लाकूड मांडीवर घेऊन बसलास तर बाकीच्यांनी पाय कुठं ठेवायचे?" कीबोर्ड मात्र त्यांच्या शेजारच्या सीटवर होता, पडू नये म्हणून वरून कुणाची तरी ओढणी बांधलेली.

साडेबाराला निघालो. खंबाटकीत गाडी तापली. पाऊण तास सगळे झाडाखाली कलिंगड खात उभे, आणि बेस टपावर काळ्या ताडपत्रीखाली. माझी तेव्हाची बॅग म्हणजे रेक्झिनची खोळ, आत फोम नावालाही नाही. साडेसहाला गावात पोचलो, शाळेच्या मैदानात स्टेज. खोळ उघडली तर इस्त्री केलेल्या कपड्यासारखी धग आली. बाराव्या फ्रेटपाशी तारा इतक्या वर आलेल्या की पाच रुपयांची ती जुनी जाड नाणी एकावर एक दोन खाली सरकली असती. एरवी तिथे एकसुद्धा अंग चोरून जातं.

झालं काय, तर चार तारांची मिळून नेकवर सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास ओढ असते. एक सडपातळ माणूस कायम लटकलेला आहे असं समजा. ती ओढ नेकचं लाकूड आणि आतली ट्रस रॉड, म्हणजे नेकमधून जाणारी लोखंडी सळई, मिळून पेलतात. सहा तास उन्हात भाजल्यावर लाकडाने दम सोडला आणि नेक तारांकडे धनुष्यासारखी वाकली. उपाय सोपा, रॉडचा नट आवळायचा. त्याला लागते ती एलएन की, म्हणजे वाकडी षटकोनी चावी. ती घरी, शोकेसच्या खणात.

गावात एक मोटरसायकलचं गॅरेज होतं, शटर अर्धं खाली. मिस्त्री यात्रेसाठी आंघोळ करून, नवा शर्ट घालून निघायच्या तयारीत. मी बेस त्याच्या बाकड्यावर आडवा ठेवला. त्याने चाव्यांचा जुडगा काढला, चारची ढिली, सहाची जाईना, पाचची बसली. नियम असा की पाव आटा फिरवायचा, तारा परत सुरात आणायच्या, बघायचं, मग पुन्हा पाव. मी घाईत सरळ अर्धा आटा दिला, तुम्ही देऊ नका. मिस्त्री वाकून बघत होता. म्हणाला, "म्हंजी चाकाचा आउट काढल्यागतच की हो हे." मी इतकी वर्षं ट्रस रॉड समजावतोय, याहून सोपं मला अजून सांगता आलेलं नाही.

तोवर मैदानात गणेशवंदना सुरू झाली. आवाज गॅरेजपर्यंत येत होता. मालक कीबोर्डवरच डाव्या हाताने बेसचे सूर वाजवत होते आणि उजव्या हाताला जिथे काम वाढेल तिथे डावा सोडून देत होते. ढोलकी पळायला लागली होती. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात तर गायिका श्वास घ्यायला जागा शोधत होती, ते दोनशे फुटांवरून कळत होतं.

चौथ्या गाण्याला मी वर चढलो. पट्टी काळी चार, म्हणजे जाड तारेचं चौथं फ्रेट. नेक अजून गरम होती, तार जरा उंचच होती, पण सूर लागला. ढोलकीवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या आवर्तनात लय जागेवर आली. गायिकेने साउंडवाल्याला मॉनिटर (स्टेजवरचा, आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढव म्हणून खूण केली. आणि पब्लिक? पब्लिकला काहीही कळलं नाही. पहिल्या रांगेतले एक आजोबा भेळ खात होते, ते खातच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मालकांनी सातशेच्या नाइटमधले दोनशे कापले. "तीन गाणी तू नव्हतास. कुणाला कळलं का? बेस कुणाला ऐकू येतो?"

पहाटे उंब्रजपाशी चहाला थांबलो तेव्हा ढोलकीवाला हळूच म्हणाला, "पहिली तीन गाणी मी पळवत होतो का मालक, तेच कळंना. पायाखाली जमीनच नव्हती." मालक गाडीत झोपले होते, नाहीतर डोळे मिटून होते. हे मी त्यांना कधी ऐकवलं नाही. ऑर्केस्ट्रा पुढच्या वर्षी सोडला. ते इथे वाचत असतील तर वाचू देत.

म्हणून तुमच्या मित्राला एवढंच विचारा की तो गाणी कशावर ऐकतो. मोबाइलवर ऐकत असेल तर त्याचं खरं आहे, त्याला बेस ऐकू येतच नाही. उघडी जाड तार ४१ हर्ट्झवर हलते, मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ते झेपत नाही. वरचे स्वर तेवढे निघतात आणि खालचा कान अंदाजाने भरून घेतो. त्याला एकदा बऱ्या हेडफोनवर आर. डी. बर्मनची सत्तरच्या दशकातली गाणी ऐकवा आणि सांगा, खाली चाललंय ते बघ. त्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. नाव त्याला माहीत नसणारच.

सरावाचं. फ्लॅटमध्ये अ‍ॅम्प घेऊच नका. बेसचा आवाज हवेतून जातो त्याहून जास्त स्लॅबमधून जातो. तुम्हाला वाटतं हळू लावलाय आणि खालच्या काकूंच्या फडताळातल्या वाट्या वाजतात. बेसच्या जॅकमध्ये थेट खोचायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प मिळतो, नाहीतर झूम बी१ फोरसारखा पेडल घ्या, म्हणजे हेडफोन लावता येणारी छोटी डबी. त्यात ड्रमचे ठेके आहेत आणि तो पेन्सिल सेलवरही चालतो, म्हणजे हॉटेलात प्लग शोधायला नको. काहीच नसेल तर बेसचं वरचं शिंग किंवा हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवा. दार साउंडबोर्डसारखं काम करतं, खोलीपुरता स्पष्ट आवाज येतो. लोखंडी कपाटाला टेकवू नका, आतले हँगर साथ करतात.

वाजवायचं काय, यावर यूट्यूबवर ढिगाने आहे. मी एकच सांगतो, सूर सोडायला शिका. नवशिके सूर लावायला शिकतात आणि तो आपोआप विरेपर्यंत तसाच ठेवतात. डावं बोट तारेवरून न उचलता नुसतं सैल करायचं की सूर तिथल्या तिथे थांबतो. तबल्याच्या अ‍ॅपवर केरवा साठच्या लयीत लावा, एकच सूर घ्या, आधी पूर्ण मात्रा, मग अर्धी, मग पाव. दहा मिनिटांत कंटाळा येईल. तिथून पुढे खरा सराव. मालकांच्या डाव्या हातात नेमकं हेच नव्हतं.

प्रवास. पुणे-नागपूर रात्रीच्या गाडीने जात असाल तर वरचा बर्थ घ्या, बेस भिंतीकडच्या बाजूला आडवा आणि तुम्ही बाहेरून. साइड अपर नको, आधीच आखूड असतो. स्लीपर ट्रॅव्हल्सने जात असाल तर बर्थवर बरोबर घेऊन झोपा. डिकीत दिलात की वर कुणाच्या तरी लग्नाची भांडी येतात. क्लीनर "काही होत नाही साहेब" म्हणेल, त्याचं ऐकू नका. टपाचं तर मी आता बोलतच नाही. एक सीट जास्तीची काढा, पण बेस आत ठेवा. कुणी विचारलं चार फुटी लाकडाला सीट कशाला, तर त्याला माझं हे उत्तर दाखवा.

विमानात देशांतर्गत हातसामान साधारण सात किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंमी. बेसची नुसती लांबीच तेवढी. म्हणजे केबिनमध्ये मिळालं तर ती गेटवरच्या माणसाची कृपा. काही कंपन्यांत वाद्यासाठी वेगळी सीट घेता येते. चेक-इन करायचीच वेळ आली तर हार्ड केस, आणि हेडस्टॉकच्या खाली-वर टीशर्ट गच्च कोंबा. आपटल्यावर पहिला जातो तो हेडस्टॉकचा सांधा, त्यातही मागे कललेल्या हेडस्टॉकचा. फेंडर कंपनीच्या बेससारखे सरळ असतात ते जरा सोसतात. तारा सगळ्या सैल सोडू नका, एखादा सूर उतरवा, बास. पूर्ण सैल केल्यात तर आतला रॉड नेक उलटीकडे ओढतो. माझा एक मित्र नेकचे चार स्क्रू काढून बेस दोन तुकड्यांत सुटकेसमध्ये नेतो. जमतं, पण सारखं केलं की लाकडातली भोकं सैल होतात. आणि एलएन की चेक-इनमध्ये टाका, हातसामानात सिक्युरिटीवाले काढून घेतील असंच धरून चाला.

आता थोडं प्रामाणिकपणे. महिन्यातून दोनदा दोन-तीन दिवस जाणार असाल तर बेस नेला नाही तरी आकाश कोसळत नाही. ठेके ऐका, मांडीवर बोटं चालवा, गाण्यांच्या पट्ट्या ओळखा. मी स्वतः विमानाने दोनदाच नेलाय. आणि डाव्या हाताने अप्रतिम बेस वाजवणारे कीबोर्डवाले आहेत, दोघांबरोबर मी वाजवलंय. मालकांची बाजू म्हणायची तर डिझेल, पेटी, चौदा माणसं आणि हिशेब त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होता. पण ओढणी कीबोर्डला बांधली होती, हे मी विसरत नाही.

बॅगेच्या कप्प्यात काय ठेवावं, तेही शेवटी सांगतो. एक जास्तीची केबल, कोरडं फडकं, अ‍ॅक्टिव्ह घेतलात तर नऊ व्होल्टची बॅटरी (वाजवून झालं की केबल उपसत जा, लागून राहिली तर बॅटरी उतरते), आणि तुमच्या नटाच्या मापाची एलएन की. माझ्या कप्प्यातली पाचची आहे, एका टोकाला लाल ऑइलपेंट लावलेली. मिस्त्रीला परत द्यायची राहिली. दोन वर्षांनी त्याच गावाला दुसऱ्या पार्टीबरोबर गेलो, तेव्हा मुद्दाम गॅरेज शोधलं. तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान झालं होतं.